प्रोसेसरचे 'थ्रेड' आणि दुकानातला कॉम्प्युटर

दुकानासाठी, छापखान्यासाठी किंवा कारखान्याच्या ऑफिसासाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसापुढे विक्रेता जे कोटेशन ठेवतो, त्यात एक आकडा हमखास असतो. 'चार कोअर, आठ थ्रेड' किंवा 'सहा कोअर, बारा थ्रेड'. आकडा मोठा तशी किंमत मोठी. बारा थ्रेडचे यंत्र सहा थ्रेडच्या यंत्रापेक्षा दुप्पट वेगाने काम करील असे गिऱ्हाइकाला वाटते आणि त्याचा हा समज दूर करण्याच्या भानगडीत विक्रेता सहसा पडत नाही.

हा प्रश्न हल्ली पुष्कळ दुकानदारांपुढे एकदम उभा राहिला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली यंत्रे बदलण्याचा विचार करणे भाग पडले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत नवा आणि वापरलेला असा दोन्ही प्रकारचा माल मिळतो. पैसे मोजण्यापूर्वी हा 'थ्रेड' म्हणजे नेमके काय आहे आणि आपल्या रोजच्या कामात त्याचा किती उपयोग होतो, हे समजून घेतलेले बरे.

एक कारागीर, दोन माग

थ्रेड म्हणजे धागा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडच्या वाचकांना धाग्याची ओळख करून देण्याची गरज नाही आणि योगायोग असा की यंत्रमागाचाच दाखला येथे बरोबर बसतो.

माग व्यवस्थित चालू असतो तेव्हा कारागिराला त्याच्यावर सतत हात चालवावा लागत नाही. तार तुटली, कांडी संपली, की त्याचे काम निघते. एका मागापुढे एक माणूस उभा केला तर त्याचा बराचसा वेळ नुसता पाहण्यात जाईल. म्हणून एकाच कारागिराकडे अनेक माग दिलेले असतात. पहिला माग आपोआप चालला आहे तोवर तो दुसऱ्याची तार जोडतो.

प्रोसेसरमधला कोअर हा असा कारागीर आहे. आजच्या साध्या कॉम्प्युटरचा कोअर सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांच्या वेगाने चालतो. पण त्याला लागणारी माहिती रॅममधून आणावी लागली तर त्यात ८० ते १०० नॅनोसेकंद जातात. ऐकायला हा वेळ काहीच नाही, परंतु कोअरच्या हिशेबाने ते अडीचशे-तीनशे ठोके झाले. तेवढा वेळ तो हातावर हात ठेवून बसतो. ही खोटी कमी व्हावी म्हणून प्रोसेसरच्या पोटातच 'कॅश' नावाची छोटी पण अत्यंत वेगवान स्मृती दिलेली असते. तरीही रिकामा वेळ संपूर्ण जात नाही.

मल्टिथ्रेडिंगमध्ये याच कोअरला एका वेळी दोन कामे दिली जातात. एक अडले की दुसरे पुढे सरकते. दोन्ही चालू असली तरी एकाला न लागणारी कोअरमधली अवजारे दुसरे वापरते. विंडोजला मात्र तेथे दोन प्रोसेसर आहेत असेच दिसते. इंटेलने याला 'हायपर-थ्रेडिंग' असे नाव दिले, एएमडी 'एसएमटी' म्हणते. माल एकच.

आता कळीची गोष्ट. दुसरा माग दिला म्हणजे दुसरा कारागीर आला असे होत नाही. हात तेवढेच राहतात. दोन्ही मागांवर एकाच वेळी तार तुटली तर एकाला थांबावेच लागते. इंटेलने २००२ साली या तंत्राची माहिती स्वतः प्रसिद्ध केली तेव्हा सांगितले होते की त्यासाठी चिपचा आकार ५ टक्क्यांपेक्षाही कमी वाढतो आणि काही कामांत ३० टक्क्यांपर्यंत जास्त काम होते. म्हणजे बनवणाराच ३० म्हणतो, तेही 'पर्यंत' हा शब्द लावून आणि सर्व्हरच्या कामांत. दुप्पट हा शब्द दुकानाच्या काउंटरवर जन्मलेला आहे.

या तंत्राचा आजवरचा प्रवासही हेच सांगतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी १९९५ साली या कल्पनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ती नोव्हेंबर २००२ मध्ये ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मधून आली. त्या वेळी विंडोज ९८ वापरणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण ते विंडोज एकाहून जास्त प्रोसेसर ओळखतच नसे. पुढे २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला. त्यात हायपर-थ्रेडिंग नव्हते. तरीही जुन्या पेंटियम ४ ला त्याने सहज मागे टाकले, कारण त्यात खरे दोन कोअर होते आणि प्रत्येक कोअर अधिक हुशारीने काम करीत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय७ बरोबर हे तंत्र परत आले. एएमडीने ते २०१७ मध्ये रायझनमध्ये घेतले.

दावतीतला कांदा आणि दम

कोणत्या कामाला जास्त थ्रेडचा फायदा होतो? जे काम तुकडे करून वाटता येते त्याला. लग्नाच्या दावतीत कांदा चिरायला एकाऐवजी दहा माणसे बसवली तर काम झपाट्याने उरकते. पण देगेला दम दिल्यावर भोवती दहा माणसे उभी राहिली म्हणून दम लवकर बसत नाही. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच गणितात मांडले. समजा एक काम दहा मिनिटांचे आहे. त्यातली सहा मिनिटे वाटून देता येतात, चार मिनिटांचे काम मात्र एकामागून एकच होते. मग शंभर कोअर लावा की हजार, चार मिनिटांच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओचे काम करणारे पुष्कळ तरुण आहेत. तयार झालेली फिल्म शेवटी एका फाइलमध्ये काढणे म्हणजे 'रेंडर' करणे, हे काम कांदा चिरण्यासारखे आहे. चित्रांचे तुकडे वाटून घेता येतात, सगळे कोअर कामाला लागतात आणि थ्रेडचाही लाभ दिसतो. मोठ्या फाइली दाबून झिप करणे, आर्किटेक्टची त्रिमिती चित्रे काढणे ही कामेही याच जातीची. अशा धंद्यात रोजचे दोन-तीन तास वाचत असतील तर जास्त कोअर-थ्रेडचे पैसे वसूल होतात.

एक्सेलचे मिश्र आहे. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेल आपली सूत्रे अनेक थ्रेडवर वाटून सोडवू शकते. परंतु प्रत्येक ओळीची शिल्लक वरच्या ओळीच्या शिलकेवर अवलंबून असेल, जशी आपल्या रोजमेळाच्या तक्त्यात असते, तर ती साखळी एकामागून एकच सुटणार. मॅक्रो लिहून घेतले असतील तर तेही एकाच थ्रेडवर चालतात. हजारो ओळींचा तक्ता अडखळतो आहे म्हणून जास्त थ्रेडचे यंत्र घेणाऱ्याच्या हाती निराशा येते. तेथे एकेक कोअर किती तेज आहे यावर सारे अवलंबून असते.

राहिले बाकीचे. बिल फाडणे, जीएसटीचे विवरण भरणे, ई-मेल, कोटेशन टाइप करणे, इनपेजमध्ये लग्नपत्रिका जुळवणे. या कामांत प्रोसेसर माणसाची वाट पाहत असतो. तुम्ही एक अक्षर दाबून दुसऱ्याकडे बोट नेता तेवढ्यात त्याचे कोट्यवधी ठोके रिकामे जातात. त्याला आणखी चार थ्रेड देऊन काय साधणार?

मग कॉम्प्युटर रखडतो का?

येथे वाचक विचारतील की बिलेच फाडायची आहेत तर यंत्र सकाळी सुरू व्हायला पाच मिनिटे का घेते आणि मध्येच गोठते का? याचे उत्तर बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नसून हार्ड डिस्कमध्ये असते.

नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती काट्याखाली यायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. अशी इकडची-तिकडची माहिती ती सेकंदाला फार तर शंभरेक वेळा देऊ शकते. रॅमसाठी तीनशे ठोके थांबणारा कोअर डिस्कसाठी तीन कोटींहून जास्त ठोके थांबतो. त्याच्या जोडीला रॅम अपुरी असेल तर विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकत आणि परत उचलत राहते आणि यंत्र अक्षरशः रांगते. याउलट एसएसडी फिरतच नाही, अशी हजारो मागण्या ती सेकंदाला पुरवते. कागदावर आठ थ्रेडचा प्रोसेसर आणि पोटात जुनी फिरती डिस्क, असे यंत्र गळ्यात पडले तर त्यापेक्षा चार थ्रेड आणि एसएसडीचे यंत्र दुकानात कितीतरी चपळ वाटते. आमच्या मते आज दुकानाच्या कामाला ८ जीबी रॅम ही किमान आणि १६ जीबी ही समाधानाची पातळी आहे. ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या ठेवण्याची सवय असेल तर १६ च घ्यावी.

आपले यंत्र कशामुळे अडते हे फुकटात पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती टक्के गुंतले आहेत ते दिसते. कोअर किती आणि थ्रेड किती हेही तेथेच लिहिलेले असते, थ्रेडला तेथे 'लॉजिकल प्रोसेसर' म्हटले आहे. यंत्र अडकलेले असताना डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५ टक्के दिसला, तर औषध कोणते ते उघड आहे.

मात्र हे टक्के वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. आठ थ्रेडच्या यंत्रावर एकाच थ्रेडवर चालणारे सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीने राबत असेल, तरी प्रोसेसर सुमारे १२-१३ टक्केच गुंतलेला दिसतो, कारण एक भागिले आठ म्हणजे तेवढेच. मालकाला वाटते प्रोसेसर मोकळा आहे. प्रत्यक्षात त्या सॉफ्टवेअरला मिळू शकणारा एकमेव कारागीर घामाघूम झालेला असतो. दुसरी फसगत उलटी आहे. चार कोअर, आठ थ्रेडच्या यंत्रावर चारही कोअरना एकेक काम लागले की आकडा ५० टक्के दाखवतो. वाटते की निम्मी ताकद शिल्लक आहे. पण उरलेले चार थ्रेड त्याच चार कारागिरांचे दुसरे माग आहेत, त्यांतून आणखी पाव हिस्सा किंवा त्याच्या थोडे पुढे-मागे एवढेच काम निघायचे.

आकडा एक, माल वेगळा

वापरलेल्या मालाच्या बाजारात कोअर आय७-३७७० हा प्रोसेसर खूप फिरतो. तो २०१२ चा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. जानेवारी २०२२ मध्ये आलेला कोअर आय३-१२१०० हाही चार कोअर, आठ थ्रेडचाच. कोटेशनवर दोघांचा आकडा अगदी सारखा, वर पहिल्याला 'आय७' ही मोठी पदवी. प्रत्यक्षात दुसरा सुमारे दुप्पट काम करतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवतो, पहिला चालवत नाही. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या आय७-७७०० चीही हीच गत. आठ थ्रेड असूनही तो सातव्या पिढीचा म्हणून बाहेर राहिला आणि त्याच वर्षाअखेर आलेला नुसत्या चार थ्रेडचा आय३-८१०० आत बसला. तेव्हा स्वस्तातला 'आठ थ्रेडवाला आय७' घेण्यापूर्वी नावापुढचे अंक नीट वाचावेत. डेस्कटॉपच्या अशा प्रोसेसरमध्ये चार अंकांत पहिला अंक पिढी सांगतो, पाच अंक असतील तर पहिले दोन.

आणखी एक गंमत. ज्या इंटेलने हायपर-थ्रेडिंगची जाहिरात केली, त्याच इंटेलने २०२४ मध्ये लॅपटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेतून आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेतून ते काढून टाकले. जुन्या आय९-१४९००के मध्ये २४ कोअर आणि ३२ थ्रेड होते. नव्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये २४ कोअर आणि २४ च थ्रेड आहेत. आकडा आठने खाली आला, तरी रेंडरच्या चाचण्यांत नवा बरोबरीचा किंवा पुढेच राहिला. खेळांत तो मागे पडला खरा, पण त्याची कारणे निराळी आहेत. इंटेलचा विचार असा की मोठ्या कोअरवर दुसरा माग लादण्यापेक्षा शेजारी लहान, कमी वीज खाणारे खरे कोअर बसवावेत. ॲपलनेही २०२० च्या एम१ पासून आपल्या मॅकच्या चिपमध्ये दुहेरी थ्रेड दिलेलेच नाहीत. एएमडीने मात्र ते सोडलेले नाही.

आणि सर्व्हरचे काय? तेथे इंटेलचे प्रमुख लिप-बू टॅन यांनी २०२५ च्या जुलैमध्ये हे तंत्र परत आणण्याची भाषा केली. यात विसंगती नाही. सर्व्हरवर शेकडो अनोळखी लोकांच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या मागण्या एकाच वेळी येतात, कारागिराला दुसरा माग कधीच कमी पडत नाही. दुकानातल्या यंत्रापुढे माणूस एक आणि बहुधा कामही एक.

सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर ज्यांनी आपले हिशेब किंवा दुकानाची वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्यांच्यासाठी एक सूचना. तेथे भाडे 'व्हीसीपीयू' या मापाने आकारतात. ॲमेझॉनच्या इंटेल प्रोसेसर असलेल्या बहुतेक यंत्रांत एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड, म्हणजेच दोन व्हीसीपीयूचे भाडे भरले तेव्हा हाती एकच कोअर आला. त्याच कंपनीच्या ग्रॅव्हिटॉन या प्रोसेसरवर मात्र एक व्हीसीपीयू म्हणजे पूर्ण एक कोअर. दर तुलना करताना हा फरक कोणी आपणहून सांगत नाही.

सुरक्षिततेची बाजूही थोडक्यात पाहू. एका कोअरवरची दोन कामे एकाच कॅशमधून खातात-पितात, म्हणून एक दुसऱ्याची गुपिते ओळखू शकते असे २०१८ आणि २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. ओपनबीएसडी या प्रणालीने २०१८ मध्ये आणि गूगलने क्रोमबुकवर २०१९ मध्ये हायपर-थ्रेडिंग बंदच करून टाकले. दुकानदाराने तेवढे घाबरण्याचे कारण नाही. विंडोजचे अपडेट वेळेवर होऊ द्यावेत आणि चोरीची सॉफ्टवेअरे यंत्रात भरू नयेत.

खरेदी करताना

बिल, हिशेब, टायपिंग एवढेच काम असेल तर नव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर भरपूर झाला, वाचलेले पैसे एसएसडी आणि रॅममध्ये घालावेत. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या तर एका मोठ्या पट्टीपेक्षा माहिती जास्त वेगाने येते, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा. फोटो स्टुडिओ आणि व्हिडिओवाल्यांनी सहा-आठ खरे कोअर पाहावेत आणि थ्रेड हा वरचा नफा समजावा. लॅपटॉप घेताना तो किती तापतो हेही पाहिले पाहिजे. सगळे थ्रेड राबू लागले की उष्णता वाढते आणि पंखा ती बाहेर टाकू शकला नाही तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. विदर्भ-खानदेशच्या मे महिन्यात, धुळीने भरलेल्या पंख्यासह, महागडा बारा थ्रेडचा लॅपटॉप स्वस्तातल्या लॅपटॉपसारखा वागू लागतो. वर्षातून एकदा पंखा साफ करून घेण्याचा खर्च किरकोळ आहे.

बिलावर 'आय५ कॉम्प्युटर' किंवा 'आठ थ्रेड' असे मोघम लिहू देऊ नये. प्रोसेसरचे पूर्ण नाव अंकांसह, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, एसएसडी कोणत्या कंपनीची, हे सर्व लिहून घ्यावे. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच टास्क मॅनेजर उघडून तेथले नाव बिलाशी ताडून पाहावे.